पुंजाजीची निळी शिकार

भातकुलीच्या आसपास झाड ही मोजकी वस्तू. जमीन काळीभोर, पाणी खारट. मैलभर नजर टाकावी तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एखादा कडुनिंब दिसायचा, आणि पाच शेतं सोडून त्याला सोबत म्हणून एखादी बाभूळ. अशा मुलखातल्या माणसाने झाडावर चढण्याचं वेड लावून घ्यावं, म्हणजे साऱ्या गावाने दाढी राखलेली असताना न्हाव्याचं दुकान टाकण्यासारखं. पण पुंजाजीला ते वेड होतं. "पुंजाजी झाडावर हाय" असं कुणी सांगितलं, की कोणत्या झाडावर, हे विचारावं लागत नसे. त्या बाजूला झाड एकच असायचं.

वेड लागलं मेळघाटात. तरुणपणी परतवाड्याच्या एका ठेकेदाराबरोबर तो लाकूडतोडीला गेला होता. तिथे एका कोरकू म्हाताऱ्याने त्याला मोहळ काढायला उंच झाडावर कसं चढायचं ते शिकवलं, आणि कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, कसा ताणायचा तेही. चार वर्षांनी गडी परत आले. कुणी घोंगडी आणली, कुणी हिवताप आणला. पुंजाजीने कामठा आणला.

त्या काळी भातकुलीकडे हरणांचे कळप होते. काळ्या पाठीचे, पीळदार शिंगांचे नर आणि त्यांच्या मागे बदामी माद्या. पण हरीण म्हणजे काही सरकारी कचेरी नव्हे, की रोज त्याच जागी सापडेल. आज या शेतात, उद्या त्या शेतात. पक्कं मचाण बांधावं तर हरणं वाट बदलणार आणि मचाणावर कावळे बसणार. म्हणून पुंजाजीचं मचाण फिरतं होतं. सगळं एका गाठोड्यात मावायचं आणि गाठोडं पाठीवर.

त्यात काय नव्हतं! हात-हात अंतरावर फास पाडलेला एक नाडा होता. सुतळीला दगड बांधून ती फांदीवरून फेकायची, तिच्या मागे नाडा ओढून घ्यायचा, की झाली शिडी. फांदी हाताशी नसेल तेव्हा दोन्ही पायांत सुंबाचा एकच फास अडकवून, खोडाला कवेत घेऊन, बेडकासारखं उड्या मारत वर जायचं. बसायला जेवणाचा पाट, चारी कोपऱ्यांना भोकं पाडून दोऱ्या ओवलेला. कामठा हातात घेऊन चढायचं नाही, हा कोरकू म्हाताऱ्याचा दंडक. तो खाली ठेवायचा आणि वर बसल्यावर सुतळीने ओढून घ्यायचा. चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी झाडाला चिकटलेले पाहिजेत. पुंजाजी सांगायचा, "तीन झाडाचे, एक आपला. चारी आपले केले, त मंग आपुन जमिनीचे."

घरात पाहुणा जेवायला आला, की एक पाट कमी पडायचा. पाहुण्याला पाटावर बसवून पुंजाजी स्वतः जमिनीवर बसे. पाहुणा बसताच पाटाच्या चारी भोकांतून त्याचं धोतर थोडंथोडं खाली डोकवायचं.

मग छप्पन साल आलं. दसऱ्याला सारी वस्ती नागपूरला गेली, तसे पुंजाजी आणि त्याची बायको सुंदराबाईही गेले. पांढरे कपडे घालून, माणसांच्या त्या समुद्रात उभं राहून दोघांनी दीक्षा घेतली, पाच शीलं घेतली. परतीच्या गाडीत आनंद असा होता, की बसायला जागा नाही याचं कुणाला काही वाटत नव्हतं. लोक उभ्याने झोपत होते आणि झोपेत हसत होते. पुंजाजीही तरंगत होता. बडनेरा जवळ आलं आणि एकाएकी त्याचा चेहरा उतरला. त्याने बायकोच्या कानाशी तोंड नेलं.

"काय व, आपुन पह्यलं शील घेतलं ना. प्राण्याची हत्या करीन नाई म्हणून."

"हो."

"मंग हरीण प्राण्यात येते काय?"

सुंदराबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "नाई," ती म्हणाली, "भाजीत येते."

आख्खा डबा हसला. बडनेरा स्टेशनावर उतरेपर्यंत ती गोष्ट पुढच्या दोन डब्यांत पोचली होती.

पुंजाजीने शब्द पाळला. कामठा भिंतीला टांगला. पण शेतात जाताना कडुनिंब दिसला, की त्याचे पाय आपोआप बेडकासारखे जुळायचे. थंडी पडली, हरभरा वितीवर आला, हरणं उतरली. पुंजाजीची झोप उडाली. पंधरा दिवस त्याने शीलाची आणि कामठ्याची समोरासमोर बोलणी करून दिली, आणि सोळाव्या दिवशी सकाळी तो उडी मारून उठला.

"मारायचं नाई असं सांगतलं हाय," तो बायकोला म्हणाला. "चढायचं नाई असं कोनं सांगतलं? नेम धरायचा नाई असं कोनं सांगतलं?"

त्याने बाणाचं लोखंडी टोक काढून टाकलं. त्या जागी मऊ चिंध्यांचा लिंबाएवढा बोळा बांधला. कपड्यांना घालायची निळीची पुडी वाटीत कालवली, त्यात बोळा बुडवला, आणि गाठोडं पाठीवर टाकून निघाला. त्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा भातकुलीच्या शिवारात इतिहासातलं पहिलं निळं काळवीट चौखूर उधळत होतं. त्याला लागलं काहीच नव्हतं. फक्त पाठीवर बशीएवढा गोल उमटला होता, आणि आपल्याला कोणी हाक मारली असा चेहरा करून ते वळून वळून बघत होतं.

पुंजाजीला इतका आनंद झाला, की त्याने टाळी वाजवली.

टाळीला दोन हात लागतात. वर सांगितलेलं गणित तिथे चुकलं. पुंजाजी कडुनिंबावरून थेट तुरीत पडला, आणि पंधरा दिवस कमरेला हळद लावून पडून राहिला. पण डोळे मिटले, की त्याला तो निळा गोल दिसायचा आणि तो झोपेतच हसायचा.

"झाडावर जायचं त जा," सुंदराबाईने शेवटी फर्मान काढलं. "पन बांधल्याबिगर नाई. अन् गाठ मी मारीन."

मग तयार झाला पट्टा. घरातल्या एकुलत्या खाटेची चार हात नवार काढून सुंदराबाईने ती चौपदरी शिवली. तो पट्टा कमरेला आवळायचा, त्यातून कासरा खोडाभोवती फिरवायचा आणि पाठीमागे गाठ. पुढे खांद्यांसाठी आणखी नवार निघाली, मांड्यांसाठी आणखी. पट्टा जसजसा भक्कम होत गेला तशी खाट खोल होत गेली. शेवटी पुंजाजी जमिनीवर सुखरूप नसला तरी झाडावर पुरता सुखरूप झाला.

प्रश्न गाठीचा होता.

"सुरगाठ मार," तो म्हणायचा. "एक टोक ओढलं, का सुटली पायजे. मले उतरासाठी."

"सुरगाठ म्हंजे सुटाची गाठ," सुंदराबाई म्हणायची. "मी काय तुमाले सोडासाठी बांधून राह्यली?" आणि कडब्याच्या पेंढीला मारतात तशी करकचून निरगाठ मारायची. तीही पाठीच्या अशा जागी, जिथे माणसाचा हात फक्त खाज सुटल्यावर पोचायचा प्रयत्न करतो आणि पोचत नाही. गाठ मारायला ती स्वतः झाडावर चढायची. नऊवारीचा काष्टा घट्ट करून, फासांच्या नाड्यावरून सरसर वर. तिला कोणी बांधत नसे, आणि तिने कधी टाळीही वाजवली नाही. मग खाली उतरून ती शेजारच्या शेतात कापूस वेचायला जायची, ती भाकरीच्या वेळेला परत. तोवर पुंजाजी झाडाचा.

दोन महिन्यांत सतरा हरणं निळी झाली. बाजारात लोक एकमेकांना विचारू लागले, की हा काही रोग तर नाही? वस्तीतला जानराव मात्र सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगायचा, "रोग कायचा! आमच्या पुंजाजीनं हरणाईले बी दीक्षा देल्ली!" आणि यात खोटंही फार नव्हतं. पुंजाजी त्यांना आपली माणसं समजू लागला होता. एका मादीच्या दोन्ही बाजूंना दोन गोल होते, तिला तो 'दोन आण्याची' म्हणायचा. म्होरक्या नराचं डावं शिंग जरा वाकडं होतं. त्याला कधीच नेम बसला नव्हता. पुंजाजी त्याचं नाव आदराने घ्यायचा, "पुढारी."

आता हा पुढारी आपली सगळी सभा घेऊन किसनराव पाटलांच्या हरभऱ्यात उतरायचा. किसनराव माणूस दिलदार, पण हरभऱ्याला दिल नसतं. दीड महिना त्यांनी सोसलं. मग एक दिवस त्यांनी पुंजाजीला गाठलं.

"काय रे पुंजाजी, तू हरनं रंगवून राह्यला का माहा हरभरा चारून राह्यला? निळे हरीण काय कमी खाते?"

"पाटील, बाण लागला का ते पळतात ना जी."

"पळतात, अन् जेवाच्या वखती वापस येतात. तुह्या बाणानं त्याईले भूक लागते!" किसनरावांनी आवाज खाली आणला. "आयतवारी इवाई येऊन राह्यले. बंदूक घेऊन. तोवर कळप हालला त हालला. नाई त मी काई बोलनार नाई."

इवाई म्हणजे व्याही. किसनरावांच्या लेकीचे सासरे महादेवराव, अमरावतीला कापसाच्या जिनात मॅनेजर. दुनळी बंदूक, भरघोस मिशा, आणि सणासारखा मोठा आवाज. दोन वर्षांपूर्वी लग्नात, व्याह्याने व्याह्याला रंग लावायची आपल्याकडे रीत आहे म्हणून, या महादेवरावांनी घागरभर रंग किसनरावांच्या नव्या कोटावर भर मांडवात ओतला होता. आख्खं वऱ्हाड हसलं. किसनरावही हसले होते. पण मुलीचा बाप उलट रंग कसा टाकणार? "कधी ना कधी उट्टं काढीन इवाई," एवढंच ते म्हणाले होते. दोन वर्षं महादेवराव किसनरावांच्या घरी पाणी पितानाही आधी पेल्यात डोकवायचे.

पुंजाजीने चार दिवसांत काय काय केलं! पहाटे चढला, दुपारी चढला. नऊ हरणांवर दुसरा हात मारला. कळप उधळायचा, नाल्यापलीकडे जायचा, आणि सुंदराबाईने भाकर सोडायच्या आत परत. हरणांना आता ही सवय झाली होती. बोळा लागला की पळायचं, थोडा वारा खायचा, मग नाश्त्याला यायचं. शनिवारी संध्याकाळी पुंजाजी जेवला नाही.

"उद्या दोन आन्याची मरते," तो म्हणाला.

"तुमी मारून राह्यले काय?"

"नाई."

"मंग तुमचं शील शाबूत हाय. जेवा."

"शील शाबूत हाय व, पन हरीण शाबूत नाई ना!"

सुंदराबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मंग सकाळी बंदुकीच्या आंधी चढा," ती म्हणाली. "बार निंघाच्या आंधी तुमचा बोळा गेला, का झालं."

रविवारी तांबडं फुटायच्या आत किसनरावांच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबात पुंजाजी पाटावर बसला होता. पाठीशी खोड, कमरेला नवार, मागे निरगाठ, हाताशी निळीचा डबा आणि चार बाण. सुंदराबाई उतरून कापसात गेली. थोड्या वेळात बोलणं ऐकू आलं. त्या बाजूला झाड एकच. महादेवराव आणि किसनराव येऊन बरोबर त्याच्या खाली बसले. महादेवराव पुढे, तुरीच्या ओळीआड, गुडघा टेकून. किसनराव त्यांच्या मागे चार हातांवर. थंडी होती म्हणून महादेवरावांनी कापूस भरलेली जाड पांढरी बंडी घातली होती. वरून ती धुतलेल्या उशीसारखी दिसत होती.

"इवाई, बोलू नका," महादेवराव म्हणाले. ते कुजबुजले होते, पण ते नाल्यापलीकडे ऐकू गेलं असावं.

हरणं आली. येताना डौलात आली, मेजवानीला आल्यासारखी. पण आली ती भलत्या बाजूने. पुंजाजी बसला होता पूर्वेकडे तोंड करून, आणि कळप उतरला त्याच्या पाठीमागे, पश्चिमेला. त्याने मान वळवली. खोड. दुसरीकडून वळवली. खोडच. कंबर वळेना. त्याने पट्ट्यात हिसका दिला, मागे हात घातला. गाठ नवऱ्याचं ऐकणारी नव्हती. खाली महादेवरावही पश्चिमेकडे वळले, किसनराव सरकून पुन्हा त्यांच्या मागे आले. महादेवरावांनी खोडाच्या बाजूने नळी पुढे काढली आणि खटका मागे ओढला.

आता पुंजाजीला हरीण एकही दिसत नव्हतं. पाय लोंबकळत होते तिथून खाली त्याला एकच गोष्ट स्वच्छ, भरगच्च, नेमाला आयती दिसत होती. पांढरी बंडी.

त्याने विचार केला असं म्हणवत नाही. त्याने कामठा अर्धाच ताणला, हरणासाठी ताणायचा त्याच्याही निम्मा, आणि बाण सोडला.

थप्प!

बंदुकीचा बार आभाळात गेला. कळप वाऱ्यासारखा उधळला, आणि महादेवरावांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, बशीएवढा निळा गोल उमटला.

महादेवरावांनी हळूच मागे हात नेला. बोटं पुढे आणली. बोटं निळी. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे माणूस एकच होता.

"अच्छा!" महादेवराव म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खरोखर बारीक निघाला. "अच्छा, इवाई! दोन वर्सं धरून ठेवलं! शिकारीले म्हनून बलावलं, अन् मागून रंग!"

"मी? मी नाई इवाई, देवाशप्पत..."

"शप्पत घेते!" महादेवरावांनी नळी उघडून बंदूक हरभऱ्यात ठेवली, आणि साठीच्या त्या माणसाने दवाने भिजलेल्या काळ्या मातीचा ढेकूळ उचलला.

पुढची पाव घटका पुंजाजीच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. दोन व्याही, दोघांच्या मिळून एकशे अठरा वर्षांच्या वयाचे, हरभऱ्यातून असे धावले, की पुढाऱ्याने पाहिलं असतं तर राजीनामा दिला असता. किसनरावांचं पागोटं एका वाफ्यात, जोडा दुसऱ्यात. "इवाई, ऐका त खरं!" "आंधी रंग, मंग ऐकीन!" एक चिखलाचा हात किसनरावांच्या गालावर बसला, तेव्हा किसनरावांचाही संयम सुटला आणि त्यांनी ओंजळभर माती महादेवरावांच्या मिशांत भरली. हरणांनी दीड महिन्यात तुडवला नव्हता एवढा हरभरा दोघांनी त्या वेळात तुडवला. पुंजाजीला हसू आवरेना. तो पट्ट्यात लोंबकळत, झाडाला गदागदा हलवत हसत होता. त्याने पोटभर टाळ्याही वाजवल्या.

कडुनिंब हसत नसतो, हे प्रथम किसनरावांच्या ध्यानात आलं. ते थांबले. तुरीत पडलेला बाण त्यांना दिसला. त्यांनी वर पाहिलं.

"पुंजाजी."

"जी."

"हा बोळा कोनं मारला?"

महादेवरावही आले. धापा टाकत, मिशीतून माती झाडत. पुंजाजीचं हसू विझलं. व्याह्याने रंग लावला तर ती थट्टा. नात्याबाहेरच्या माणसाने मॅनेजरच्या पाठीत बाण मारला, तर ते पोलिसात जाणारं प्रकरण होतं. आणि परत बंदूक भरायला किती वेळ लागतो? उत्तर सोपं होतं. "मले मालूम नाई पाटील." कोण तपासायला येणार होतं? पण नागपुरात पाच शीलं घेतली होती, आणि त्यांतलं चौथं खोटं बोलण्याबद्दलचं होतं.

"मी मारला जी," पुंजाजी म्हणाला. "हरीण दिसत नव्हतं. साहेब दिसले."

महादेवरावांच्या चेहऱ्यावरचा आनंद एकेक पाऊल मागे सरकू लागला. "म्हंजे हा..." ते म्हणाले, "म्हंजे तुमी नाई?" त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. बक्षीस मिळालेल्या माणसाला, नाव चुकलं होतं, ते परत द्या, असं सांगितल्यावर तो जसा बोलेल तसं.

किसनरावांनी व्याह्याकडे पाहिलं. झाडाला बांधलेल्या पुंजाजीकडे पाहिलं. त्यांनी दीक्षा घेतलेली नव्हती. त्यांना खोटं बोलायची मोकळीक होती.

"मारला त्यानंच," किसनराव ऐटीत म्हणाले. "पन माह्या सांगन्यावरून. नाई त इतक्या पहाटे मानूस झाडाले कावून बांधून ठेवीन मी? बांधलं बी असं, का पळून जाऊ नाई!"

पुंजाजीने तोंड उघडलं. किसनरावांनी डोळे वटारले. पुंजाजीने तोंड मिटलं. गप्प बसायचं नाही, असं पाचांतल्या एकाही शीलात नव्हतं.

महादेवराव असे हसले, की नाल्यातले बगळे उडाले. "बाप्पा! दोन वर्सं! मानूस झाडाले बांधून! अन् मी येडा बंदूक घेऊन येतो, हरनासाठी!" त्यांनी बंदुकीतलं उरलेलं काडतूस काढून खिशात टाकलं. "इवाई, आता शिकार गिकार मरू द्या. हरन कोनं पाह्यलं?" मग त्यांनी मान वर केली. "काय गा, आनखी किती हायेत तसे?"

"तीन, जी."

"टाक खाली!"

किसनरावांनी एक पाऊल मागे घेतलं. "इवाई, हे बराबर नाई. पुंजाजी, टाकशीन त पाह्य!"

पण पुंजाजीला डब्यासकट हात मोकळे करायचेच होते.

भाकर घेऊन सुंदराबाई आली तेव्हा धुऱ्यापलीकडून एक माणूस पळत होता आणि दुसरा त्याच्या मागे. दोघंही मातीने काळे आणि निळीने निळे, कोणता पाटील आणि कोणता मॅनेजर हे ओळखू येत नव्हतं. तुडवलेल्या हरभऱ्यात पुढारी शांतपणे चरत होता, आणि दोन आण्याची त्याच्या शेजारी. बंदूक तशीच उघडी पडली होती. सुंदराबाईने तिला वळसा घातला आणि वर पाहिलं.

"पाटलाले काय झालं?"

"काई नाई," पुंजाजी वरून म्हणाला. "इवाई आले."